घर बघायला जाताना बूट घालून जा: चालत फिरता येईल असा एरिया कसा शोधायचा

पहिलं घर घेतलं तेव्हा एजंटने बाल्कनीत उभं राहून बोट दाखवलं होतं, "ते बघा स्टेशन, समोरच आहे." खरंच समोर होतं, प्लॅटफॉर्मवरची माणसं दिसत होती. नकाशावर मोजलं तर ३५० मीटर, आम्ही खूश. राहायला गेल्यावर पहिल्याच सोमवारी कळलं की मधे रुळांचं कुंपण आहे, पलीकडे जायचा पूल पार दुसऱ्या टोकाला आहे, आणि त्या पुलापर्यंत पोचायला आधी उलट्या दिशेने जाऊन एक मोठा रस्ता ओलांडावा लागतो, म्हणजे सगळं मिळून दीड किलोमीटर. मग काय, चार वर्षं बाल्कनीतून ते स्टेशन बघत बघत चहा प्यायचा आणि खाली जाऊन गाडी काढायची.

दुसरं घर शोधायला सात महिने लागले, नवरा वैतागला, सासूबाई म्हणायच्या की घर घेताय का रस्ता घेताय. पण आता आमच्या घरातली दहा वर्षांची मुलगी आणि काठी घेऊन चालणाऱ्या सासूबाई दोघी आपापल्या आपण बाहेर जाऊन येतात. त्या सात महिन्यांत जे कळलं ते क्रमाने लिहितेय. थोडं लांबलंय, पण घरही रोज रोज घेत नाही आपण.

१. आधी स्वतःच्या फेऱ्या लिहून काढा

एरिया बघायला जायच्या आधी दोन आठवडे घरातला कोण कुठे, कशासाठी, किती वेळा बाहेर पडला ते लिहा. साधी वही चालेल. मला वाटायचं आपल्याला मोठं मार्केट, थिएटर, चांगली हॉटेलं जवळ पाहिजेत. वही भरल्यावर दिसलं की थिएटरला आम्ही दोन महिन्यांतून एकदा जातो, आणि औषधाच्या दुकानात, वाणसामानाला, शाळेत, बसस्टॉपवर आणि झेरॉक्स काढायला सतत.

मग गुणाकार करायचा. आठवड्यातून ५ वेळा लागणारं दुकान ७०० मीटरवर असेल तर जाऊन येऊन आठवड्याला ७ किलोमीटर झाले. महिन्यातून एकदा लागणारी जागा २ किलोमीटरवर असेल तर महिन्याला फक्त ४. म्हणजे ती लांब असली तरी बिघडत नाही, तिथे बसने जा, गाडीने जा, काहीही करा. एजंट नेमकं उलटं दाखवतात, भारी दिसणाऱ्या पण कधीतरीच लागणाऱ्या जागा.

ही यादी प्रत्येक माणसाची वेगळी करा. माझी यादी चांगली जुळली म्हणून मी एक घर जवळजवळ पक्कं केलं होतं, नंतर लक्षात आलं की सासूबाईंच्या यादीतल्या चार जागांपैकी एकही त्यांना त्या घरातून गाठता आली नसती.

२. अंतराचं गणित (हे एकदा डोक्यात बसवा)

धडधाकट माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो. म्हणजे ४०० मीटरला ५ मिनिटं आणि ८०० मीटरला १०. शहररचनेत हा ४०० मीटरचा आकडा जुना आहे, क्लेरेन्स पेरी नावाच्या अमेरिकन नियोजनकाराने १९२९ मध्ये वस्ती कशी असावी याची जी कल्पना मांडली त्यात शाळा मधोमध आणि तिथपर्यंतचं अंतर पाव मैल, म्हणजे साधारण तेवढंच धरलं होतं. माझा अनुभवही तोच आहे, ४०० मीटरपर्यंत माणूस विचार न करता चालत जातो, ८०० पर्यंत मूड असेल तर जातो, त्यापुढे गाडीची किल्ली हातात येते.

पण हे धडधाकट माणसाचं झालं. सासूबाई सेकंदाला ०.८ मीटरच्या आसपास चालतात (मी मोजलंय, त्या रागावल्या होत्या), म्हणजे त्यांना ४०० मीटरला आठ मिनिटांच्या वर लागतात आणि मधे एकदा बसावं लागतं. लहान मूल बरोबर असेल तर गणित सोडूनच द्या, प्रत्येक मांजरापाशी थांबा.

आता यातला सगळ्यात मोठा सापळा. नकाशावर सरळ रेघ ओढून अंतर मोजू नका. दारापासून दारापर्यंत चालायचा खरा रस्ता मोजा आणि त्याला सरळ अंतराने भागा. उत्तर १.२, १.३ आलं तर छान. १.५ च्या वर गेलं की समजा मधे काहीतरी आडवं आहे, नाला, रूळ, भिंत, हायवे, काहीतरी. हा १.५ चा आकडा ऐकायला लहान वाटतो पण सगळ्या दिशांना असाच वळसा असेल तर तुमच्या पायांच्या टप्प्यात येणारा भाग निम्म्याहून कमी होतो, कारण क्षेत्रफळ वर्गाने कमी होतं. आमच्या पहिल्या घराचं स्टेशनसाठीचं उत्तर ४ च्या वर होतं!

जाहिरातीत "सगळं १५ मिनिटांत" लिहिलेलं असेल तर विचारा, कशाने १५ मिनिटं? कार्लोस मोरेनो या पॅरिसमधल्या प्राध्यापकांनी २०१६ च्या सुमारास १५ मिनिटांच्या शहराची कल्पना मांडली ती पायी किंवा सायकलने जाण्याची होती. बिल्डरची १५ मिनिटं बऱ्याचदा रिकाम्या रस्त्यावर रात्री गाडीने जायची असतात.

३. घरबसल्या नकाशा बघून गाळणी लावा

सगळे एरिया फिरत बसलात तर वर्ष जाईल. आधी नकाशावर अर्धे उडवा.

सॅटेलाईट व्ह्यू उघडा आणि रस्त्यांची जाळी बघा. छोटे छोटे चौकोन आणि बरेच चौक असतील तर कुठूनही कुठेही जायला तीन-चार वाटा मिळतात, एक खणून ठेवली तर दुसरी. पोर्टलंड शहराच्या मध्यभागात दोन चौकांमधलं अंतर ६१ मीटरच्या आसपास आहे, बार्सिलोनाच्या १८५९ च्या आराखड्यातले प्रसिद्ध चौकोन साधारण ११३ मीटरचे, आणि या दोन्ही ठिकाणी चालणं सोपं जातं असं लोक सांगतात ते उगाच नाही. त्याच्या उलट, झाडाच्या फांद्यांसारखे रस्ते असतील, म्हणजे प्रत्येक गल्ली पुढे जाऊन बंद होते आणि बाहेर पडायला एकच मोठा रस्ता, तर पाठीला पाठ लावून असलेल्या घरात जायला सुद्धा अर्धा किलोमीटर फिरावं लागतं. दोन चौकांमधे २०० मीटरच्या वर अंतर दिसलं की मी तो एरिया संशयाच्या यादीत टाकायचे.

मग तुमच्या फेऱ्यांच्या यादीतली प्रत्येक जागा टाकून चालण्याचा मार्ग विचारा. गाडीचा पर्याय चुकून सुरू राहिलेला नाही ना ते तपासा, मी एकदा अख्खी संध्याकाळ गाडीचे आकडे लिहून काढले होते. आणि नकाशाला बंद फाटकं कळत नाहीत. तो तुम्हाला खुशाल एखाद्या कॉम्प्लेक्सच्या आतून नेतो आणि तिथे गेल्यावर वॉचमन सांगतो की हे गेट बाहेरच्यांसाठी नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर कधीकधी अशा पायवाटा, जिने, फाटकं जास्त बारकाईने टाकलेली असतात, कारण तो नकाशा लोकांनीच भरलेला आहे, पण जिथे भरणारं कोणी नाही तिथे तोही कोरा.

काही देशांत पत्ता टाकला की चालण्याजोगेपणाचा आकडा मिळतो, वॉक स्कोअर हे त्यातलं सगळ्यात माहितीचं, २००७ पासून आहे, ० ते १०० मधे मार्क देतं. जिथे मिळतो तिथे बघा, पण पहिली गाळणी म्हणूनच. तो आकडा मुख्यतः जागा किती जवळ आहेत यावर निघतो, फुटपाथवर ट्रान्सफॉर्मर बसवलाय की नाही हे त्याला माहीत नसतं.

चढाचं पण इथेच बघून घ्या. नकाशावर उंची दिसते. १०० मीटरला ५ मीटर चढ म्हणजे हातात सामान असताना दम लागणारच, आणि व्हीलचेअरच्या रॅम्पला सुद्धा १२ ला १ हा चढ जास्तीत जास्त मानतात, मग अख्खा रस्ताच तसा असेल तर विचार करा. जाताना उतार आणि येताना सामानासकट चढ हा प्रकार तर फार फसवतो.

४. आता चाला. खरंच चाला.

सगळं ठरतं ते इथेच. घर आवडलं तरी आत जास्त वेळ काढू नका, घर तेच राहणार आहे. बाहेर पडा.

सोबत घ्यायच्या वस्तू:
- रोजचे बूट किंवा चप्पल (जी रोज वापरता तीच, ट्रेकचे बूट नकोत)
- चाकं असलेली बॅग, आत ५-६ किलो काहीतरी भरून
- मोबाईलमधलं स्टॉपवॉच
- मोजायची टेप
- तुमची फेऱ्यांची यादी
- छत्री

चाकांची बॅग ही माझी सगळ्यात आवडती युक्ती आहे. नुसतं चालताना आपण खड्डे, पायऱ्या, उंच कठडे नकळत ओलांडून जातो, लक्षातच येत नाही. बॅग ओढत निघालात की प्रत्येक ठिकाणी ती अडकते आणि तुम्हाला थांबवते. जिथे जिथे बॅग उचलावी लागली तिथे वहीत एक रेघ मारायची. एका एरियात औषधाच्या दुकानापर्यंत मला ती ११ वेळा उचलावी लागली, दुसऱ्या एरियात जवळपास तेवढ्याच अंतराला २ वेळा, आणि फोटोत दोन्ही रस्ते अगदी सारखे चकाचक दिसत होते. बाळाची गाडी, काठी, व्हीलचेअर, सामानाची ट्रॉली, सगळ्यांचं दुखणं या एका बॅगेत कळतं.

फुटपाथची रुंदी टेपने मोजा, पण सगळ्यात अरुंद जागी मोजा. फुटपाथ तीन मीटरचा असेल आणि मधे खांब, झाड, होर्डिंगचा पाय आणि लावलेली स्कूटर सोडून ६० सेंटीमीटर उरत असतील तर तुमच्यासाठी तो ६० सेंटीमीटरचाच. दोन माणसं शेजारून आरामात जायला १.८ मीटर लागतात, एका व्हीलचेअरला ९० सेंटीमीटर तरी हवेत. उंचीही बघा. कडा १५ सेंटीमीटरच्या वर गेली की म्हातारी माणसं फुटपाथवर चढतच नाहीत, रस्त्याच्या कडेने चालतात, आणि लोक म्हणतात फुटपाथ असून वापरत नाहीत. दर घराच्या गेटपाशी फुटपाथ खाली उतरून परत चढत असेल तरी तसंच होतं.

रस्ता ओलांडणं. बहुतेक एरिया इथे नापास होतात. दुकान समोरच असतं पण मधे सहा लेन असतात.

- सिग्नल असेल तर हिरवा किती सेकंद टिकतो ते स्टॉपवॉचने मोजा. १४ मीटरचा रस्ता सेकंदाला १.२ मीटरने चालणाऱ्याला १२ सेकंद घेतो, ०.८ ने चालणाऱ्याला साडेसतरा. हिरवा १३ सेकंदांचा असेल तर तुम्ही पोचाल, तुमची आई मधे अडकेल.
- मधे थांबायला डिव्हायडरवर जागा आहे का, की नुसती रंगवलेली पट्टी आहे?
- दोन क्रॉसिंगमधलं अंतर. ३००-४०० मीटर असेल तर कोणी तिथपर्यंत जात नाही, सगळे मधूनच पळतात, तुम्हीही पळाल.
- पादचारी पूल दिसला की एजंट खूश होतो. मी नाही होत. ४० पायऱ्या चढून ४० उतरायच्या आणि लिफ्ट असलीच तर बंद. पूल आहे याचा अर्थ खालचा रस्ता माणसांसाठी सोडून दिलेला आहे.
- चौकात वळणारी गाडी किती वेगात वळते बघा. कोपरा मोठा गोलाकार कापलेला असेल तर गाड्या ब्रेक न लावता वळतात. काटकोनी कोपरा असेल तर थांबावंच लागतं.

गाड्यांच्या वेगाला हलकं घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की गाडीचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटरवर गेला की धडकेत पादचाऱ्याचा जीव जाण्याचा धोका साडेचार पटीने वाढतो. आपल्याला स्पीडगनची गरज नाही, रस्त्याच्या कडेला उभं राहून शेजारच्याशी नेहमीच्या आवाजात बोलून बघा, ओरडावं लागत असेल तर मुलीला एकटीला पाठवायचा रस्ता नाही तो.

आणि कडेला काय आहे ते. ४०० मीटर लांबच लांब कंपाउंडची भिंत असेल तर तेवढंच अंतर दुप्पट वाटतं, रात्री तर चौपट. खिडक्या, दारं, छोटी दुकानं, ओट्यावर बसलेली माणसं असतील तर कधी पोचलो कळत नाही. आमच्या आत्ताच्या घरापासून लायब्ररी ६५० मीटर आहे आणि माझ्या मैत्रिणीच्या घरापासून तिची बस ५०० मीटर, पण ती भिंतीच्या कडेने जाते आणि म्हणते लांब आहे गं, मला माझी ६५० कधी लांब वाटली नाही.

५. एकदा जाऊन चालत नाही, कमीत कमी चार वेळा

एजंट तुम्हाला रविवारी सकाळी अकराला बोलावणार. त्या वेळी कुठलाही रस्ता चांगलाच दिसतो.

कामाच्या दिवशी सकाळी शाळा-ऑफिसच्या वेळी जा. फुटपाथवर गाड्या चढतात का, शाळेसमोर काय गोंधळ होतो ते तेव्हाच दिसतं. भर दुपारी एकदा जा, सावली कुठे आहे ते बघायला, रस्त्याच्या कुठल्या बाजूला झाडं आहेत आणि ती बाजू तुमच्या जायच्या बाजूला आहे का. बसायला बाक, कट्टा, काही आहे का तेही. पाऊस पडत असताना किंवा लगेच नंतर एकदा जा, हे कंटाळवाणं आहे पण पाणी कुठे साचतं ते कोरड्या दिवशी कोणाचा बापही सांगू शकत नाही. आम्ही एक घर याच कारणाने सोडलं, बाकी सगळं शंभर टक्के होतं पण गल्लीच्या तोंडाशी घोट्याएवढं पाणी, आणि तिथून बाहेर पडायचा दुसरा रस्ताच नव्हता.

आणि रात्री. दहानंतर, दुकानं बंद झाल्यावर. दिव्याचे खांब मोजू नका, जमिनीवर उजेड पडतो का ते बघा. मोठी झाडं आणि वर उंच दिवे असले की सगळा उजेड पानांवर पडतो, खाली अंधारच. घरातल्या बायकांनी हे स्वतः चालून ठरवावं असं माझं स्पष्ट मत आहे, नवरा म्हणाला ठीक आहे म्हणून नाही. माझा नवरा ज्या बोळाला ठीक म्हणाला होता त्या बोळातून मी परत वळून आले.

६. माणसांना विचारा, पण प्रश्न नीट विचारा

"इथे चालायला बरं आहे का?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात, स्वतःच्या एरियाला कोण वाईट म्हणेल. त्याऐवजी विचारा, "काल कशासाठी बाहेर गेला होतात आणि कसे गेलात?" चौघांपैकी तिघं म्हणाले गाडीने, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

पोस्टमन, कुरिअरवाला, वॉचमन, नातवंडांना शाळेत सोडणारे आजी-आजोबा, यांना जास्त माहीत असतं. कुत्र्यांचा त्रास कुठे आहे, कुठला रस्ता कायम खणलेला असतो, हे त्यांच्याकडूनच कळतं. कॉम्प्लेक्समधे राहणाऱ्या मुलांना विचारायला विसरू नका की मित्राकडे एकटे जाता का. मुलं खोटं बोलत नाहीत या बाबतीत.

७. बस आणि ट्रेन

यात थोडक्यात सांगते. स्टॉप जवळ आहे का याच्या इतकंच बस किती मिनिटांनी येते हे महत्त्वाचं. दर १० मिनिटांनी येणाऱ्या बससाठी सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं, दर ४० मिनिटांनी येणारी असेल तर वेळापत्रक पाठ करून घराबाहेर पडावं लागतं. ३०० मीटरवरच्या दुसऱ्या प्रकारच्या स्टॉपपेक्षा ७०० मीटरवरचा पहिला केव्हाही परवडला. रात्रीची शेवटची बस कधी आहे आणि सुट्टीच्या दिवशी काय असतं ते स्टॉपवर उभं राहून बघा, वेबसाईटवर विसंबू नका.

८. घर आणि गेट

एरिया चांगला असून घर चुकीचं निघू शकतं. मोठ्या कॉम्प्लेक्समधे तुमची बिल्डिंग शेवटची असेल आणि पायी जायचं गेट पुढे, तर फ्लॅटच्या दारातून रस्त्यावर यायलाच सहा-सात मिनिटं जातात. वेळ मोजा: दार, लिफ्टची वाट, लिफ्ट, पार्किंग, आतला रस्ता, गेट. गर्दीच्या वेळी मोजा. मागचं छोटं फाटक असेल तर ते कुठल्या वेळी उघडं असतं आणि उद्या कमिटीने बंद करायचं ठरवलं तर काय, हेही विचारा. मला एका ठिकाणी सांगितलं की ते फाटक "सहसा उघडं असतं". सहसा!

दुसरी बाजूही सांगते. दुकानांच्या, स्टॉपच्या अगदी जवळ घर म्हणजे आवाज. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शनात रस्त्याच्या आवाजाची सरासरी ५३ डेसिबलच्या आत आणि रात्रीची ४५ च्या आत असावी असं सुचवलंय. मोबाईलचं ॲप अचूक नसतं पण दोन घरांची तुलना करायला पुरतं. रात्री झोपायच्या खोलीत खिडकी उघडी ठेवून मोजा. आम्ही हमरस्त्यावरचं घर सोडून एक गल्ली आत घेतलं, ९० मीटर जास्त चालावं लागतं आणि झोप लागते.

९. उद्या काय होणार, आणि कागदपत्रं

आज जे आहे ते दहा वर्षांनी असेलच असं नाही. सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे रिकाम्या प्लॉटमधून गेलेली पायवाट. सगळा एरिया तिथून जातो, तुम्हीही अंतर तिथूनच मोजता, आणि दोन वर्षांनी तिथे पत्रे लागतात. दुसरी गोष्ट, एकाच दुकानावर विसंबलेला एरिया. ते बंद पडलं की संपलं. एकाच प्रकारची दोन-तीन दुकानं टप्प्यात असतील तर निर्धास्त.

हे कागद मागवा किंवा स्वतः जाऊन बघा:
- शहराचा विकास आराखडा आणि त्यात तुमच्या गल्लीच्या आजूबाजूचा भाग. रस्तारुंदीच्या रेषा, नियोजित उड्डाणपूल, आरक्षणं. रस्ता रुंद होतो तेव्हा आधी फुटपाथ आणि झाडं जातात.
- झोनिंगचा नकाशा, म्हणजे खाली दुकानांना परवानगी आहे का, की सगळं फक्त राहण्यासाठी.
- मंजूर लेआउट. यात गेट कुठे आहेत, आतला रस्ता सार्वजनिक आहे की खासगी हे स्पष्ट लिहिलेलं असतं.
- मालकी हक्काची कागदपत्रं, आणि दुसऱ्याच्या जागेतून जायची वाट असेल तर तिच्या वहिवाटीच्या हक्काची नोंद. नुसतं "सगळे इथूनच जातात" हे कागदावर टिकत नाही, वकिलाला हा एक प्रश्न वेगळा विचारा.
- कॉम्प्लेक्सचे नियम, फाटकाच्या वेळांसकट.

आराखड्याच्या ऑफिसात पहिल्यांदा गेले तेव्हा साहेब जेवायला गेलेले, दुसऱ्यांदा नकाशा सापडत नव्हता, तिसऱ्यांदा मिळाला. तीन चकरा लागल्या तरी घाला. आम्हाला आवडलेल्या एका घरासमोरून नियोजित उड्डाणपूल जात होता आणि विकणाऱ्याने अवाक्षर काढलं नव्हतं.

१०. पैशाचा हिशोब

चालता येणाऱ्या एरियात घर बऱ्याचदा महाग असतं किंवा त्याच पैशात लहान मिळतं. आम्ही एक खोली कमी घेतली. हिशोब करताना फक्त हप्ता बघू नका, गाडीचा हप्ता, इंधन, विमा, दुरुस्ती, पार्किंगची जागा हे सगळं समोरच्या रकान्यात लिहा. दुसरी गाडी विकता आली तर फरक बराच भरून निघतो, आमचा पूर्ण नाही निघाला पण बराचसा निघाला. फक्त असं करू नका की एरियासाठी इतकं ताणलं की दर महिन्याला पोटात गोळा. शेजारच्या वस्तीत, दहा मिनिटं पलीकडे, तशीच जाळी असलेला पण नाव नसलेला भाग बऱ्याचदा असतो, तिथे आधी शोधा.

११. टोकन द्यायच्या आधी

शक्य असेल तर त्याच गल्लीत दोन-तीन दिवस भाड्याने राहा, कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडे जा. गाडी न नेता. यादीतल्या सगळ्या फेऱ्या पायी करा, घरातल्या प्रत्येकाने आपापल्या. आम्ही तीन दिवस राहिलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई न सांगता बाहेर गेल्या आणि पाऊण तासाने औषधं घेऊन परत आल्या, वर म्हणाल्या की चौकातल्या सिग्नलचं बटण दाबलं तरी हिरवा होत नाही, दोनदा दाबावं लागतं.

ते बटण अजून तसंच आहे. मी दोनदा तक्रार केलीय, तिसरी या आठवड्यात करणार आहे.